अंडे आणि गाजराचा रस: पोषणमूल्यांची तुलना नेमकी कशी करावी

सकाळच्या न्याहारीला उकडलेले अंडे घ्यावे की गाजराचा रस, हा प्रश्न बहुतेक घरांत आवडीनिवडीवर, उपासाच्या वारांवर किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अनुभवावर सुटतो. माझ्या घरी तो आईमुळे आला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तिने ‘अंडे जड पडते’ म्हणून रोजची दोन अंडी बंद केली आणि त्याऐवजी मोठा पेला भरून गाजराचा रस घ्यायला सुरुवात केली. दोन-अडीच महिन्यांनी तिचे तळहात हळद लागल्यासारखे पिवळे दिसू लागले, तेव्हा घरात सगळ्यांनी काविळीची धास्ती घेतली. डॉक्टरांनी तिला खिडकीपाशी नेऊन डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला. तो स्वच्छ पांढरा होता. त्यांनी पहिला प्रश्न गाजराविषयीच विचारला. दुसरा प्रश्न मात्र आम्हाला अनपेक्षित होता: ‘अंडी बंद केलीत, मग तेवढी प्रथिने आता कशातून घेता?’ त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते.

त्या दिवसापासून मी या दोन पदार्थांची तुलना वहीत मांडून करू लागले. ती कशी करावी, कुठे फसगत होते आणि तिच्यावरून आपले ताट कसे ठरवावे, हे येथे क्रमाने लिहिले आहे.

पहिली पायरी: माप ठरवा

कोणत्याही दोन पदार्थांची तुलना करताना सर्वांत मोठी गफलत मापात होते. पोषणाचे तक्ते साधारणपणे १०० ग्रॅमचे आकडे देतात. १०० ग्रॅम अंडे म्हणजे कवच काढलेली दोन अंडी, आणि १०० ग्रॅम रस म्हणजे जेमतेम अर्धा पेला. कोणी एक अंडे आणि एक पेला रस यांची तुलना करतो, तर कोणी तक्त्यातले १०० ग्रॅमचे आकडे शेजारी ठेवतो, आणि मग दोघांचे निष्कर्ष जुळत नाहीत. म्हणून आपण प्रत्यक्षात जेवढे खातो, तेवढेच माप धरावे. या लेखात एक उकडलेले अंडे, म्हणजे कवचाशिवाय सुमारे ५० ग्रॅम, आणि एक पेला रस, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर, असे माप धरले आहे.

घरात लहान वजनकाटा असेल तर एकदा स्वतः वजन करून पाहावे. बाजारातले मध्यम अंडे कवचासकट ५० ते ५५ ग्रॅम भरते आणि त्यातला साधारण नववा भाग कवचाचा असतो. गावरान अंडे त्याहून लहान असते, त्यामुळे दोन गावरान अंडी म्हणजे दोन बाजारी अंडी असा हिशेब धरू नये. रसाचेही तसेच आहे. आमच्या घरी अर्धा किलो गाजरे मिक्सरमधून काढून पंचातून पिळली की सव्वा पेल्याच्या आसपास रस निघतो आणि पंचात चोथ्याचा मोठा गोळा उरतो. एक पेला रस म्हणजे पाच-सहा गाजरे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. एवढी गाजरे चावून खायला बसलो तर दोन-तीनमध्येच आपण थांबतो.

दुसरी पायरी: आकडे शेजारी मांडा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे घटक सांगणारे तक्ते प्रसिद्ध केले, आणि अमेरिकेच्या कृषी विभागाचे तक्तेही सर्वांसाठी खुले आहेत. जात, हंगाम, कोंबडीचे खाद्य आणि रस काढण्याची रीत यांनुसार आकडे थोडे खालीवर होतात, म्हणून पुढील आकडे सरासरीचे समजावेत.

एका अंड्यातून ७० ते ७८ कॅलरी, सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि ५ ग्रॅम स्निग्धांश मिळतो. कर्बोदके अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नगण्य असतात. एका पेल्यातील रसातून सुमारे ८० कॅलरी मिळतात, पण त्या जवळजवळ सगळ्या कर्बोदकांच्या असतात. रसात कर्बोदके सुमारे १८ ग्रॅम असतात, प्रथिने २ ग्रॅमही भरत नाहीत आणि स्निग्धांश नसल्यातच जमा असतो. कॅलरी जवळपास सारख्या आणि आतला माल पूर्ण वेगळा, ही या जोडीची खरी गंमत आहे. केवळ कॅलरी मोजणाऱ्याला हे दोन पदार्थ सारखेच वाटतील.

सूक्ष्म पोषकांकडे वळल्यावर फरक आणखी स्पष्ट होतो. अंड्यात ब-१२ जीवनसत्त्व सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम, ड जीवनसत्त्व सुमारे एक मायक्रोग्रॅम, मेंदूच्या वाढीसाठी लागणारे कोलीन सुमारे १४५ मिलिग्रॅम आणि सेलेनियम सुमारे १५ मायक्रोग्रॅम असते. यांपैकी ब-१२ आणि ड गाजरात नसतातच. रस कितीही प्यायला तरी ते मिळणार नाहीत. उलट रसात पोटॅशियम ५५० मिलिग्रॅमच्या वर, क जीवनसत्त्व ताज्या रसात १५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते ते बीटा कॅरोटीन फार मोठ्या प्रमाणात असते. अंड्यात पोटॅशियम साधारण ६५ मिलिग्रॅम असते आणि क जीवनसत्त्व मुळीच नसते. लोहाच्या बाबतीत दोघेही मध्यमच आहेत. एका अंड्यात किंवा एका पेला रसात ते एक मिलिग्रॅमही भरत नाही, तेव्हा रक्तवाढीसाठी यांपैकी कशावरही भिस्त ठेवू नये.

तिसरी पायरी: प्रथिनांचा हिशेब करा

प्रथिनांची गरज काढणे सोपे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. आईचे वजन ५० किलो. म्हणजे तिची गरज साडेएक्केचाळीस ग्रॅमची. वयस्कर माणसांचे स्नायू लवकर झिजतात, म्हणून त्यांच्यासाठी अनेक तज्ज्ञ किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडे अधिक धरायला सांगतात. दोन अंड्यांतून तिला १२ ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या पाव भागाहून अधिक, न्याहारीलाच मिळत होती. त्याऐवजी घेतलेल्या रसातून २ ग्रॅमसुद्धा मिळत नव्हती. एका अंड्याएवढी प्रथिने रसातून मिळवायची तर साडेसहाशे मिलिलिटर रस प्यावा लागेल, आणि त्याबरोबर सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील.

प्रमाणाइतकाच दर्जाही महत्त्वाचा आहे. शरीराला बाहेरूनच मिळवावी लागणारी सर्व आवश्यक अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, अंड्यात योग्य प्रमाणात असतात. त्यामुळेच इतर पदार्थांच्या प्रथिनांचा दर्जा मोजताना अंडे फार काळ मापदंड म्हणून वापरले गेले. अंडे शिजवून खाणे मात्र आवश्यक आहे. बेल्जियममध्ये झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिने पचली, तर कच्च्या अंड्यातील सुमारे ५१ टक्केच पचली. शिवाय कच्च्या पांढऱ्या भागातील ॲव्हिडिन नावाचे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते आणि साल्मोनेला जंतूंचा धोका असतो तो वेगळाच. व्यायामशाळेत जाणारी मुले कच्चे अंडे फोडून रसात किंवा दुधात ढवळून पितात. त्यांना हे सांगण्याची गरज आहे.

पांढरे तेवढे खाऊन बलक टाकून देण्याची सवयही तपासून पाहावी. पांढऱ्यात प्रथिने साडेतीन ग्रॅमच्या आसपास असतात, पण उरलेली प्रथिने आणि कोलीन, ड, अ व बहुतेक ब-१२ ही सगळी संपत्ती बलकात असते. बलकात कोलेस्टेरॉलही सुमारे १८५ मिलिग्रॅम असते हे खरे. मात्र अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत वगळण्यात आली, कारण बहुतेकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलवर अन्नातील कोलेस्टेरॉलपेक्षा संतृप्त स्निग्धांशाचा परिणाम अधिक होतो. मधुमेह, हृदयविकार किंवा घराण्यातच वाढलेले कोलेस्टेरॉल असेल, तर आठवड्याला किती बलक खावेत हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

चौथी पायरी: ‘अ’ जीवनसत्त्वाचा आकडा जपून वाचा

या तुलनेत गाजर जिथे निर्विवाद पुढे आहे, तो मुद्दा अ जीवनसत्त्वाचा. तक्त्यानुसार एका पेल्यातील रसातून सुमारे १९०० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळू शकते आणि एका अंड्यातून ७५ मायक्रोग्रॅमच्या आसपास. प्रौढ पुरुषाची दिवसाची शिफारस १००० आणि स्त्रीची ८४० मायक्रोग्रॅमची आहे. आकड्यांपुरते पाहिले तर एक पेला रस म्हणजे पंचवीस अंडी झाली.

मात्र हे दोन आकडे एकाच जातीचे नाहीत. अंड्यात रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचे तयार रूप असते, जे शरीर थेट वापरते. गाजरात असते ते बीटा कॅरोटीन. शरीर ते आतड्यात शोषून घेते आणि मग त्याचे रेटिनॉलमध्ये रूपांतर करते. अन्नातील १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनपासून १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल मिळते असे धरून तक्त्यातला आकडा काढलेला असतो. प्रत्यक्षात हे रूपांतर माणसागणिक कमीजास्त होते. काहींच्या शरीरात ते जन्मतःच मंद असते. म्हणून १९०० हा आकडा अपेक्षेचा आहे, हमीचा नाही. तरीही तो निम्म्यावर आला तरी गाजर पुढेच राहते.

या मंद रूपांतराचा एक मोठा फायदा आहे. शरीरात अ जीवनसत्त्व पुरेसे असले की कॅरोटीनचे रूपांतर आपोआप कमी होते, त्यामुळे गाजर खाऊन अ जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. उरलेले कॅरोटीन चरबीत आणि त्वचेत साठते. तळहात, तळपाय आणि नाकाजवळची कातडी पिवळी दिसते. काविळीत डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा पडतो, कॅरोटीनमुळे तो पडत नाही, आणि घरच्या घरी फरक ओळखण्याची खूण हीच आहे. शंका असल्यास मात्र रक्त तपासून घ्यावे. आईने रस कमी केल्यावर काही आठवड्यांत तिचे तळहात पूर्ववत झाले.

हे सारे अन्नातील कॅरोटीनविषयी झाले. गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी वाढले, आणि तो निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी गाजर खावे, पण गोळ्या मनाने घेऊ नयेत.

गाजराने चष्मा जातो, ही समजूतही येथेच दूर करायला हवी. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो आणि मुलांची दृष्टीही जाऊ शकते. म्हणूनच भारतात १९७० पासून लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, आणि नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारा तो चमचाभर डोस चुकवू नये. चष्म्याचा नंबर मात्र डोळ्याच्या आकारामुळे येतो, तो रसाने उतरत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपले वैमानिक गाजरे खाऊन अंधारात पाहतात असा प्रचार केला, कारण विमानांत बसवलेले रडार शत्रूपासून लपवायचे होते. त्या प्रचाराने या समजुतीला मोठे बळ दिले.

पाचवी पायरी: पोटात गेले ते अंगी लागते का, हे पाहा

मला या संपूर्ण तुलनेत सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. उपाशीपोटी घेतलेल्या नुसत्या रसात स्निग्धांश जवळजवळ नसतो, त्यामुळे त्यातील कॅरोटीनचा मोठा भाग न शोषताच बाहेर पडतो. ‘सकाळी अनशापोटी गाजराचा रस’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. रस काढताना गाजराच्या पेशींच्या भिंती फुटतात आणि कॅरोटीन मोकळे होते, हा रसाचा लाभ खरा आहे. पण त्याबरोबर थोडे तूप, तेल, दाणे किंवा अंडे असल्याशिवाय तो पुरता पदरात पडत नाही.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात याची थेट परीक्षा झाली. किसलेले गाजर, टोमॅटो आणि पालेभाज्या असलेली कच्ची कोशिंबीर १६ तरुणांना एकदा अंड्याशिवाय, एकदा दीड अंड्याबरोबर आणि एकदा तीन शिजवलेल्या अंड्यांबरोबर देण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तीन अंड्यांबरोबर खाल्लेल्या भाज्यांतील कॅरोटीनवर्गीय द्रव्यांचे शोषण कित्येक पटींनी वाढलेले दिसले. बलकातील स्निग्धांशाने हे काम केले. म्हणजे ज्या दोन पदार्थांना आपण एकमेकांसमोर उभे करतो, त्यांतला एक दुसऱ्याला अंगी लावतो.

बलकाचा पिवळा रंगही कॅरोटीनच्याच कुळातला, ल्युटिन आणि झिॲझॅन्थिन या द्रव्यांचा असतो. त्यांच्यापासून अ जीवनसत्त्व बनत नाही, पण डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी तीच द्रव्ये साठवलेली असतात. बलक गडद असणे हे कोंबडीने मका किंवा हिरवा पाला खाल्ल्याचे लक्षण आहे, आणि कवचाचा तपकिरी रंग केवळ कोंबडीच्या जातीचा आहे. त्या रंगासाठी जादा पैसे मोजू नयेत.

सहावी पायरी: रस घ्यायचा की अख्खे गाजर, हे ठरवा

१०० ग्रॅम कच्च्या गाजरात तंतुमय पदार्थ सुमारे २.८ ग्रॅम असतात, तर तेवढ्याच गाळलेल्या रसात ते एक ग्रॅमही उरत नाहीत. साखर मात्र रसात उतरते आणि लवकर रक्तात जाते. मधुमेह असलेल्यांनी म्हणून रसाऐवजी गाजर चावून किंवा किसून खावे. आपली गाजराची कोशिंबीर या दृष्टीने फार शहाणपणाने रचलेली आहे: बारीक किसणीने पेशी फुटतात, तेलाची फोडणी आणि दाण्याचे कूट स्निग्धांश पुरवते, लिंबू पिळल्याने क जीवनसत्त्वाची भर पडते आणि चोथा जागच्या जागी राहतो. एका पेला रसाऐवजी वाटीभर कोशिंबीर आणि शेजारी उकडलेले अंडे, ही न्याहारी मी कोणालाही निःशंकपणे सुचवीन.

गाजराचा रंगही लक्षात घ्यावा. थंडीत येणाऱ्या लाल गाजराचा रंग मुख्यतः लायकोपिनचा असतो, जे टोमॅटोतही असते पण ज्यापासून अ जीवनसत्त्व बनत नाही. वर्षभर मिळणाऱ्या केशरी गाजरात बीटा कॅरोटीन अधिक असते. हलव्यासाठी लाल गाजर उत्तम. अ जीवनसत्त्वासाठी केशरी घ्यावे.

सातवी पायरी: कोणासाठी काय, हे तपासा

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियम आणि प्रथिने दोन्ही मोजून घ्यावी लागतात, म्हणून त्यांनी रस आणि अंडी यांपैकी काहीही डॉक्टरांना न विचारता वाढवू नये. रक्त पातळ ठेवण्याची वॉरफरिन घेणाऱ्यांनी रोजचा रस सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, कारण त्यात रक्त गोठायला मदत करणारे के जीवनसत्त्व असते. गर्भवतीला पूर्ण शिजवलेले अंडे चांगले. त्यातील कोलीन बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी लागते. एक वर्षाखालील बाळाला रस देऊ नये, त्याऐवजी उकडून कुस्करलेले गाजर तूप घालून द्यावे. बाळाला पहिल्यांदा अंडे देताना थोडेच द्यावे आणि अंगावर पित्त उठते का याकडे लक्ष ठेवावे.

जे अंडे खात नाहीत, त्यांनी रसाला अंड्याचा पर्याय समजू नये. त्यांच्यासाठी अंड्याची जागा दूध, दही, पनीर, मुगाचे धिरडे, मोड आलेली मटकी आणि दाणे यांनी घ्यायची आहे. त्यांतही ब-१२ फक्त दुधाच्या पदार्थांतून मिळते.

खर्चाचा हिशेब प्रत्येकाने आपल्या गावच्या भावाने करावा. अंड्याच्या किमतीला ६ ने भागले की एक ग्रॅम प्रथिनांची किंमत निघते. रसासाठी अर्धा किलो गाजरांची किंमत धरावी आणि चोथा टाकून दिला तर तो तोटाही त्यात मोजावा.

आठवी पायरी: तयारी

अंडी पाण्यात ठेवून पाण्याला उकळी आल्यावर नऊ-दहा मिनिटे उकडावीत आणि लगेच गार पाण्यात टाकावीत. जास्त वेळ उकडल्यास बलकाभोवती हिरवट-करडे कडे येते. ते बलकातील लोह आणि पांढऱ्यातील गंधक यांच्या संयोगाचे असते आणि निरुपद्रवी असते, पण पांढरे चिवट होते. अगदी ताजी अंडी सोलताना कवचाला चिकटतात, म्हणून उकडण्यासाठी चार-पाच दिवसांची अंडी बरी. गाजरे घासून धुवावीत आणि साल अगदी पातळ खरवडावी. रस काढल्यावर लगेच प्यावा, कारण हवा लागून क जीवनसत्त्व कमी होत जाते. त्यात साखर घालण्याची गरज नसते.

उरलेला चोथा फेकू नये. त्यात तंतुमय पदार्थ तर असतातच, पण पिळूनही न निघालेले बरेच कॅरोटीनही असते. त्याचा केशरी रंगच ते सांगतो. आमच्याकडे आता तो चोथा दोन अंड्यांत फेटतात, त्यात बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर आणि चिमूटभर हळद घालतात आणि तव्यावर चमचाभर तेल सोडून त्याची जाडसर पोळी दोन्ही बाजूंनी भाजतात. आईला ती जड पडत नाही, आणि रसाचा पेला तिने आठवड्यातून दोनदाच, तोही या पोळीसोबत, ठेवला आहे.